झाडू हाती घेतला. हिशोब कोण मागणार?

१५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातील २९ महापालिकांच्या २,८६९ जागांसाठी निवडणूक झाली. दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला गेला, मिरवणुका निघाल्या आणि शहरांचा कारभार पुन्हा एकदा लोकनियुक्त प्रतिनिधींच्या हाती जाण्याचा मार्ग मोकळा झाला. या घटनेचे सर्वत्र स्वागत झाले, ते योग्यच होते. पण त्या जल्लोषात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. मधली जी चार-पाच वर्षे नगरसेवकांविना गेली, त्या काळात आपल्याला, म्हणजे शहरी, सुशिक्षित, मध्यमवर्गीय कुटुंबांना, नेमके काय चुकल्यासारखे वाटले?

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर फारसे काही नाही. पाणी आले नाही, टँकर मागवला. वीज गेली, जनित्र लावले. रस्त्यावर अंधार आहे, सुरक्षारक्षक वाढवला. सोसायटीच्या मासिक वर्गणीत तीनशे-चारशे रुपयांची भर पडली, थोडी कुरकूर झाली आणि विषय मिटला. जे पैशाने होण्यासारखे नव्हते ते आपण सेवाभावाने केले. रविवारी सकाळी झाडू हाती घेतले, नदीकाठचे प्लॅस्टिक वेचले, टेकडीवर रोपे लावली, उन्हाळ्यात त्यांना पाणी घातले. यातील एकही गोष्ट निंद्य नाही. उलट अशी माणसे आहेत म्हणून आपली शहरे राहण्याजोगी उरली आहेत. परंतु पैसा आणि सेवा या दोहोंच्या आडोशाला उभे राहून आपण एक कर्तव्य सफाईदारपणे टाळले आहे. ते कर्तव्य म्हणजे हिशोब मागण्याचे. जी सेवा हिशोब मागत नाही ती अपुरी असते. आणि दीर्घकाळ तशीच चालू राहिली तर ती नाकर्त्या कारभाराचे पांघरूण बनते, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे.

सर्वपक्षीय संमतीने पायमल्ली

आधी सत्ताधाऱ्यांचा दोष पाहू. संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, नगरपालिका आणि महापालिकांना घटनात्मक दर्जा दिला. अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो की, पालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्यापूर्वी पुढील निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. यात पळवाट नाही. तरीही आपल्याकडे काय घडले? नवी मुंबई, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर येथील महापालिकांची मुदत २०२० साली संपली. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांची २०२२ च्या मार्चमध्ये संपली. कल्याण-डोंबिवलीच्या मतदाराने २०१५ साली नगरसेवक निवडला आणि त्यानंतर थेट २०२६ साली. त्या वर्षी पहिलीत गेलेले मूल मधल्या काळात दहावी उत्तीर्ण झाले.

सुरुवातीला कारण महामारीचे होते आणि ते रास्त होते. पुढे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी त्रिस्तरीय कसोटी पूर्ण करण्याची अट घातली. आरक्षणाचा प्रश्न गंभीर होता, तो सुटायलाच हवा होता. परंतु तो सोडवण्याची निकड कोणी दाखवली? महाविकास आघाडीच्या सरकारने प्रभागरचना बदलली, मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ केल्या. २०२२ च्या जूनअखेर सरकार बदलले. महायुतीच्या सरकारने त्या पुन्हा २२७ वर आणल्या. प्रत्येक बदलाला आव्हान, प्रत्येक आव्हानाला तारीख. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि त्यालाही मुदतवाढ मागून झाल्यावर जानेवारी उजाडला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका बाबतीत कसे एकदिलाने वागले, हे इतिहासाने नोंदवून ठेवावे.

या काळात काय चालले होते याचा एक नमुना मुंबईचा. तेथे आयुक्त हेच प्रशासक होते. अर्थसंकल्प आयुक्त म्हणून तयार करायचा आणि प्रशासक म्हणून मंजूर करायचा. २०२५-२६ चा हा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेवर जनतेच्या वतीने एकही निवडून आलेला माणूस उभा राहून 'हे कशासाठी?' असे विचारू शकत नव्हता. घरातील पन्नास हजारांच्या रंगकामासाठी तीन ठेकेदारांकडून दर मागवणारे आपण या प्रकाराने अस्वस्थ झालो नाही.

काही जण म्हणतील, नगरसेवक नव्हते तेच बरे होते. टक्केवारी थांबली, कामे भराभर झाली. हे मत मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत अनेकदा ऐकू येते, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. नगरसेवकांच्या कारभाराबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. पण नगरसेवक दर पाच वर्षांनी आपल्या दारात हात जोडून येतो, प्रशासक एकदाही येत नाही. कामे भराभर झाली म्हणणाऱ्यांनी कोणती झाली आणि कोणती झाली नाहीत, हेही पाहावे. उड्डाणपूल दिसतो, त्याच्याखालची तुंबलेली पावसाळी गटारवाहिनी दिसत नाही. ती दाखवून देणारा माणूसच जागेवर नव्हता.

ना सरपंच, ना नगरसेवक

हा केवळ तत्त्वाचा वाद नाही, हे समजण्यासाठी पुण्याकडे पाहावे. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत २३ गावे समाविष्ट झाली. त्याबरोबर तेथील ग्रामपंचायती विसर्जित झाल्या, सरपंच गेले, ग्रामसभा गेली. बदल्यात नगरसेवक मिळायला हवा होता. पण नव्या निवडणुकीआधीच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. म्हणजे साडेचार वर्षे या गावांतील लाखो रहिवाशांना स्थानिक पातळीवर स्वतः निवडलेला एकही प्रतिनिधी नव्हता. महापालिकेच्या कराची बिले मात्र त्यांना आली.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराचा उद्रेक झाला. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही मृत्युमुखी पडले. संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. तेव्हा शहराला कळले की या नव्या गावांना विहिरीतून येणारे पाणी केवळ क्लोरिन घालून पुरवले जात होते. शुद्धीकरण प्रकल्पातून जाणारे पाणी त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. ग्रामपंचायत असती तर कोणी आजी ग्रामसभेत उठून 'पाण्याला वास येतो' असे म्हणाली असती आणि सरपंचाला उत्तर द्यावे लागले असते. नगरसेवक असता तर महापालिकेच्या मुख्य सभेत गढूळ पाण्याची बाटली टेबलावर आदळली गेली असती. पुण्याने अशा बाटल्या पूर्वी पाहिल्या आहेत. त्या वेळी त्या आपल्याला पोरकट नाटक वाटत. त्या नाटकाची किंमत आता समजली.

त्याआधी २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने मुठेला पूर आला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील घरांत पाणी शिरले. पूर्वसूचना वेळेवर मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. मदतीला शेजारीपाजारी आणि स्वयंसेवी कार्यकर्ते धावून आले. चिखल उपसला गेला, जेवणाची पाकिटे वाटली गेली. समाज म्हणून आपण त्या परीक्षेत उत्तीर्ण झालो. पण पूररेषेच्या आत बांधकामे कशी उभी राहिली, धरणातील विसर्गाची सूचना घराघरांत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची होती, हे विचारायला चिखल उपसणाऱ्यांपैकी किती जण पुढच्या महिन्यात क्षेत्रीय कार्यालयात गेले?

'लोकसहभाग' या शब्दाची गंमत

प्रशासनाला अलीकडे एक शब्द फार आवडू लागला आहे. तो म्हणजे लोकसहभाग. त्याचा सरकारी अर्थ असा की, श्रम नागरिकांनी करावेत, निर्णय अधिकाऱ्यांनी घ्यावेत. कचऱ्याचे वर्गीकरण तुम्ही करा. तो पुढे एकाच गाडीत एकत्र का ओतला जातो, हे मात्र विचारू नका. झाडे तुम्ही लावा. रस्तारुंदीत ती कोणत्या ठरावाने तोडली, हे विचारू नका. भिंती तुम्ही रंगवा. पदपथ दर वर्षी का उखडला जातो, याची निविदा पाहू नका.

मुंबईचा अनुभव बोलका आहे. नव्वदच्या दशकात घाटकोपर पूर्वेतील जोशी लेनच्या रहिवाशांनी स्वतःची गल्ली स्वच्छ ठेवण्याचा वस्तुपाठ घालून दिला आणि त्यातून महापालिकेची 'ए.एल.एम.' ही परिसर व्यवस्थापनाची योजना उभी राहिली. गृहिणी, निवृत्त अधिकारी, शिक्षक अशा माणसांनी गल्लोगल्ली खतनिर्मितीचे खड्डे केले, कचराकुंड्या हटवल्या. हे काम मोलाचे होते. पण या गटांच्या हाती अधिकार कोणता आला? साहाय्यक आयुक्तांच्या बैठकीत तक्रार मांडण्याचा. अधिकारी उत्साही असेपर्यंत बैठक भरली. त्यांची बदली झाली की थंडावली. पुढे ऑक्टोबर २०१७ पासून मुंबईत मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याचे बंधन आले. तत्त्वतः ते योग्यच आहे. पण जो भार संकुलांनी उचलला त्यातून महापालिकेचे किती पैसे वाचले आणि ते कोठे गेले, हे विचारणारा गट अपवादानेच आढळतो.

पुण्याने २००६ साली एक चांगला पायंडा पाडला. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या भागातील पाच लाखांपर्यंतची कामे सुचवावीत, अशी योजना आली. देशातील मोजक्या शहरांत असे काही होते. पण आपल्यापैकी किती कुटुंबांनी तो अर्ज आयुष्यात एकदा तरी भरला? जेथे नागरिक पाठपुरावा करत नाहीत तेथे अशी योजना कागदी ठरते आणि 'स' यादीतील फरसबंदी आणि बाके यांचेच राज्य चालते.

फुले, टिळक आणि गाडगेबाबा

ही हिशोबाची परंपरा आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या स्वागतावर नगरपालिकेचे हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला विरोध करण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. हजार रुपयांसाठी साम्राज्याच्या प्रतिनिधीला नाराज करणारा हा माणूस. आज वाढदिवसाच्या फलकांसाठी शहराचे चौक विद्रूप होत असताना आपण मान खाली घालून पुढे जातो. लोकमान्य टिळक १८९५ साली पुणे नगरपालिकेवर निवडून आले. नामदार गोखले पुढे तिचे अध्यक्ष झाले. राष्ट्राचा विचार करणाऱ्या या माणसांना गटारे आणि दिवाबत्तीचा कारभार क्षुल्लक वाटला नाही.

आणि गाडगेबाबा? त्यांच्या हातातील खराटा आपण उचलला, पण त्यांची रात्र विसरलो. बाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्नांनी सोलून काढत. कर्ज का काढता, दारू का पिता, पोराला शाळेत का घालत नाही? झाडणे आणि विचारणे ही त्यांच्यासाठी एकाच व्रताची दोन अंगे होती. आपण पहिले अंग घेतले, कारण त्याचे छायाचित्र चांगले येते. दुसऱ्यात वाईटपणा घ्यावा लागतो.

'राजकारण नको' हा बहाणा

सेवेच्या क्षेत्रातील आपल्या अनेक कार्यकर्त्यांचे ठरलेले उत्तर असते: आम्ही राजकारण करत नाही, आम्ही फक्त काम करतो. उमेदवारी मागणे हे राजकारण आहे, मान्य. पण वस्तीतील दवाखान्यात औषधे का नाहीत, हे विचारणे म्हणजे राजकारण कसे? वस्तीतील आजारी माणसासाठी रक्तदात्याची सोय करणारा कार्यकर्ता त्याच वस्तीच्या सांडपाण्याबद्दल मौन बाळगत असेल, तर तो दर पावसाळ्यात नव्या रुग्णाची वाट पाहतो, असेच म्हणावे लागेल.

दुसरा बहाणा अधिक नाजूक आहे, तरीही त्याचा उल्लेख टाळता येत नाही. आज राज्यातील अनेक महापालिकांत भारतीय जनता पक्ष सत्तेत आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी प्रचारात दारोदार पायपीट केली असेल. 'आता आपलीच माणसे आहेत, त्यांना कशाला अडचणीत आणायचे?' ही भावना त्यामुळे स्वाभाविक आहे. स्वाभाविक असली तरी ती घातक आहे. विरोधकांना हिशोब विचारणे कोणालाही जमते. त्यात टाळ्या मिळतात. आपल्या माणसाला विचारण्यात खरा कस लागतो. ज्याला त्याच्याच कार्यकर्त्याने प्रश्न विचारले नाहीत, त्याला पाच वर्षांनी मतदार विचारतो, आणि तेव्हा उत्तराची संधी मिळत नाही. आपल्या नगरसेवकाचे हित चिंतणाऱ्याने पहिल्याच वर्षी त्याच्यापुढे वही उघडून बसावे.

मग करायचे काय?

पहिली मागणी क्षेत्रसभेची. राज्यातील गावांना वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. शहरांसाठीही २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून काही मतदान केंद्रांच्या मतदारांची मिळून एक क्षेत्रसभा असावी, अशी तरतूद केली. नगरसेवकाने आपल्या मतदारांसमोर बसायचे, त्यांनी कामांचा अग्रक्रम सांगायचा, ही तिची कल्पना. पण आपल्या शहरांत ती ग्रामसभेसारखी रुळली नाही. बहुतेक नागरिकांना तिचे नावही ठाऊक नाही. पुण्यात १६५ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडून येतात. एकेका प्रभागात २०११ च्या जनगणनेनुसारच ८० हजारांहून अधिक लोकसंख्या. हजारभर वस्तीच्या गावाला आपली सभा आहे आणि एवढ्या मोठ्या प्रभागाला नाही, हे विपरीत आहे.

दुसरी गोष्ट चार सदस्यांच्या प्रभागाची. २००२ साली तीनचा प्रभाग, २००७ साली एकाचा, २०१२ साली दोघांचा, २०१७ साली चौघांचा असे प्रयोग झाले आणि २०२६ मध्येही, मुंबई वगळता, बहुसंख्य ठिकाणी चौघांचाच प्रभाग राहिला. चौघे असले की जबाबदारी कोणाचीच नसते. एकाकडे गेले की तो दुसऱ्याचे नाव सांगतो. यावर उपाय एकच, चौघांना एकाच दिवशी, एकाच सभागृहात, नागरिकांसमोर बोलवावे आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहून घ्यावे.

तिसरी गोष्ट प्रभाग समितीची. संविधानाच्या अनुच्छेद २४३-एस नुसार तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या हव्यात. महाराष्ट्राच्या कायद्यात त्यांवर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरील संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. या जागा पक्षांच्या नाराज इच्छुकांची सोय लावण्यासाठी नाहीत. वर्षानुवर्षे रुग्णसेवा, पर्यावरण, वस्ती-अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थांनी त्यांवर उघडपणे हक्क सांगावा. पद नको म्हणणे हा विनय असेल, पण रिकामी खुर्ची दुसरा कोणी पटकावतोच.

चौथी गोष्ट सर्वांत साधी. परिसरातील दहा-बारा सोसायट्या आणि शेजारची वस्ती यांनी मिळून महिन्यातून एक संध्याकाळ ठरवावी. वस्तीला वगळू नये. तिचे सांडपाणी आणि आपले सांडपाणी एकाच नाल्यात जाते. दोन जणांनी प्रभागातील मंजूर कामांची यादी, ठेकेदाराचे नाव आणि कामाची मुदत क्षेत्रीय कार्यालयातून मिळवावी. न मिळाल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. तोंडी तक्रार करू नये. लेखी करावी, क्रमांक घ्यावा, तारीख लिहावी. निवृत्त अभियंता, लेखापाल, वकील, परिचारिका, शिक्षिका प्रत्येक गल्लीत आहेत. चौकाचे सुशोभीकरण करण्याऐवजी त्यांनी अंदाजपत्रकाची चार पाने वाचावीत. राज्यातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या भागातील नगरसेविकेऐवजी तिचा पती किंवा दीर उत्तरे देऊ लागला, तर नम्रपणे पण ठामपणे तिलाच बोलण्याचा आग्रह धरावा.

रविवारचे श्रमदान सोडावे, असे येथे कोणी म्हणत नाही. ते करावेच. फक्त झाडू भिंतीला टेकवल्यावर त्याच हाताने वही उघडावी. गल्ली किती वेळा झाडली गेली, किती वेळा झाडली जायला हवी होती आणि त्यासाठी कोणाला पगार मिळतो, हे त्या वहीत लिहावे. महिनाअखेरीस ती चौघा नगरसेवकांपुढे ठेवावी. आपल्या सेवेची खरी परीक्षा त्या टेबलावर होणार आहे.